शुक्रवारी रात्री विमान, सोमवारी पहाटे घर: मित्रांसोबत सिंगापूरची दोन दिवसांची सहल

शनिवार-रविवार जोडून मित्रांसोबत परदेशातले एखादे शहर पाहून यायचे ठरले की पैशांचा हिशेब सगळेच करतात, तासांचा मात्र फारसा कोणी करत नाही, आणि अशी सहल फसते ती बहुधा तासांच्याच हिशेबात. म्हणून पासपोर्ट आणि तिकिटे यांकडे वळण्याआधी एक साधी वजाबाकी करावी. मुंबईहून सिंगापूरचे थेट विमान साधारण साडेपाच तासांत पोहोचते आणि तिथले घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असते. त्यामुळे शुक्रवारी रात्री अकराच्या सुमारास निघालेले विमान शनिवारी सकाळी सातच्या आसपास उतरते. इमिग्रेशन उरकून साडेआठला आपण शहरात पोहोचलो आणि रविवारी संध्याकाळी पाचला पुन्हा विमानतळाकडे निघालो, तर हाताशी साडेबत्तीस तास येतात. त्यांतून झोपेचे सात आणि आंघोळ, आवराआवर, एकमेकांची वाट पाहणे यांचे तीन तास वजा केले की उरतात साडेबावीस. एवढ्यात एक शहर नीट पाहता येते, दोन येत नाहीत. "एवढे आलोच आहोत तर मलेशियालाही शिवून येऊ," असे जो म्हणेल त्याला तिथेच थांबवावे.

पहिल्या वेळेसाठी सिंगापूर सुचवण्याचे कारणही तासच आहेत. सारा देश सुमारे ७३५ चौरस किलोमीटरचा, म्हणजे पुणे जिल्ह्याच्या विसाव्या हिश्शाहूनही लहान आहे. विमानतळापर्यंत मेट्रो येते आणि इंग्रजी सर्वत्र चालते. बँकॉक याहून बरेच स्वस्त पडते, पण तिथल्या वाहतूक कोंडीत दुपारच्या दुपार जातात. दुबईत ठिकाणे एकमेकांपासून लांब आहेत आणि मे-जूनमध्ये तिथे दिवसा बाहेर पडणे नकोसे होते. ज्यांचा हात आखडता आहे त्यांनी बँकॉक खुशाल निवडावे. पुढच्या बऱ्याचशा पायऱ्या तिथेही लागू पडतील.

माणसे आधी, तारीख नंतर

सोबत कोण येणार हे ठरवताना व्हॉट्सअॅपवरच्या होकारावर विसंबू नये. "मी नक्की" असे लिहिणारे आठ जण असतात, "घरी विचारून सांगतो" म्हणणारे तीन, आणि प्रत्यक्ष विमानात बसतात चार. यावर मला एकच उपाय लागू पडलेला दिसला आहे: तारीख जाहीर करावी, तिकिटाच्या अंदाजी रकमेच्या निम्मी वर्गणी आठवड्याच्या आत एकाच्या खात्यात जमा करायला सांगावी, आणि ज्याचे पैसे आले तोच येणार असे धरून पुढे चालावे. यात कोणाला राग येण्याचे कारण नाही, कारण नियम सर्वांना सारखाच असतो.

चार ही संख्या सर्वांत सोयीची. चौघे एका टॅक्सीत मावतात, दोन खोल्यांत राहतात आणि जेवायला एका टेबलावर बसतात. पाचवा आला की दुसरी टॅक्सी, तिसरी खोली आणि दोन मते तयार होतात. कॉलेजात असताना आपण टीटीएमएम करत होतो म्हणून परदेशातही प्रत्येक कॉफीचे पैसे वेगवेगळे द्यावेत हे मला पटत नाही. त्यात वेळ जातो आणि मागचे चार गिऱ्हाईक खोळंबतात. प्रत्येकाकडून सारखी रक्कम घेऊन सामायिक गल्ला करावा, प्रवास, जेवण आणि तिकिटे त्यातून भागवावीत, आणि खरेदी व पेयपान मात्र ज्याचे त्याने पाहावे. हा गल्ला सांभाळणारा माणूस हिशेबाला चोख असावा, पण चिडका नसावा.

कागदपत्रे

पासपोर्ट नसेल तर सहलीच्या किमान दोन महिने आधी अर्ज करावा. पुण्यातील अर्जदारांना ऑनलाइन अर्ज भरून, वेळ घेऊन मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात जावे लागते. प्रौढांच्या ३६ पानी पुस्तिकेचे शुल्क १५०० रुपये असून तत्काळसाठी आणखी २००० रुपये भरावे लागतात. पोलीस पडताळणीच्या वेळी अर्जात दिलेल्या पत्त्यावर आपण सापडलो पाहिजे. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी भाडेकरार हाताशी ठेवावा.

पासपोर्ट असेल, तर तो उघडून त्याची मुदत आजच पाहावी. तो वैध असणे पुरेसे नसते. सिंगापूरसह अनेक देशांना प्रवेशाच्या वेळी सहा महिन्यांची मुदत शिल्लक असलेली लागते. आमच्या पहिल्या सहलीत एका मित्राच्या पासपोर्टाचे पाच महिने उरले होते, हे तिकिटे काढल्यावर लक्षात आले, आणि त्याच्या नूतनीकरणाच्या धावपळीत बाकीच्यांचीही झोप उडाली. तेव्हापासून वर्गणीबरोबरच पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचा फोटो मागायचा, असा रिवाज आम्ही पाडला.

मराठी माणसाच्या बाबतीत नाव हा वेगळाच विषय होतो. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव आणि आडनाव अशी तीन पदे असतात, आणि पासपोर्टात पहिली दोन पदे पुष्कळदा एकत्रच 'दिलेले नाव' या रकान्यात छापलेली असतात. तिकीट काढताना घाईत मधले नाव गाळले जाते, किंवा 'दीक्षित'चे स्पेलिंग एकाने एक आणि दुसऱ्याने दुसरे केलेले असते. लग्नानंतर आधार कार्डावर नवे आडनाव आले, पण पासपोर्ट माहेरच्याच आडनावाचा राहिला, हीही नेहमीची गोष्ट आहे. अशा वेळी पासपोर्टात जे आहे तेच अक्षरशः तिकिटावर, व्हिसाच्या अर्जात आणि विम्यावर आले पाहिजे. एकाने सगळ्यांची तिकिटे काढायची असतील, तर त्याने समोर पासपोर्टचे फोटो ठेवून नावे टंकावीत. आठवणीने टंकू नयेत.

भारतीयांना सिंगापूरचा व्हिसा लागतो आणि तो आधीच घ्यावा लागतो. अर्ज अधिकृत एजंटांमार्फत करता येतो आणि त्यांची यादी सिंगापूरच्या उच्चायुक्तालयाच्या संकेतस्थळावर मिळते. अर्जाचा नमुना '१४ए', पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा ३५ बाय ४५ मिलिमीटरचा फोटो, पासपोर्टची प्रत आणि येण्याजाण्याची तिकिटे एवढे मुख्यतः मागतात. सरकारी शुल्क ३० सिंगापूर डॉलर असते, त्यावर एजंटचा मेहनताना पडतो, आणि अर्ज फेटाळला गेला तर शुल्क परत मिळत नाही. प्रवासाच्या तीन-चार आठवडे आधी अर्ज करावा, म्हणजे एखादे जास्तीचे कागदपत्र मागितले तरी धावाधाव होत नाही.

याखेरीज 'एसजी अरायव्हल कार्ड' नावाचा ऑनलाइन फॉर्म पोहोचण्याच्या दिवसासह आधीच्या तीन दिवसांत भरायचा असतो. तो विनामूल्य आहे. इंटरनेटवर शोध घेतला की हुबेहूब सरकारी वाटणारी आणि पैसे मागणारी संकेतस्थळे आधी दिसतात. त्यांच्या नादी लागू नये. चौघांचे फॉर्म गुरुवारी रात्री एकत्र बसून भरावेत, कारण भरायचे विसरणारा एक तरी असतोच.

तिकिटे, आणि मुंबईचा रस्ता

पुण्याच्या लोहगाव विमानतळाहून सिंगापूर, बँकॉक, दुबई अशा मोजक्या शहरांना थेट विमाने वेळोवेळी सुरू होतात आणि बंदही पडतात. तिकीट शोधताना ती आधी पाहावीत, कारण पुण्याहून उडणारे विमान तीन-चार हजारांनी महाग असले तरी मुंबईला जाण्यायेण्याचे गाडीभाडे आणि आठ तास वाचतात. थेट सेवा सोयीच्या वेळेची नसेल तर मुंबई गाठावी लागते. अंधेरीच्या विमानतळाला पुण्याहून साडेतीन ते चार तास धरावेत, आणि शुक्रवारी घाटात काय होईल हे कोणीच सांगू शकत नसल्याने त्यावर आणखी एक तास धरावा. रात्री अकराच्या विमानासाठी आठला विमानतळावर असायचे तर कोथरूडहून तीनला निघायला हवे, म्हणजे शुक्रवारची अर्धी रजा टाकल्याशिवाय ही सहल होत नाही, हे आधीच मान्य करावे. नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून उड्डाणे सुरू झाली आहेत. तिथून सोयीचे विमान मिळाले, तर पनवेलच्या पुढची मुंबईतली गर्दी टळते.

जोडसुट्ट्यांच्या मोहात पडू नये. पंधरा ऑगस्ट शुक्रवारी आला की साऱ्या पुण्याला तीच कल्पना सुचते आणि भाडी चढतात. त्यापेक्षा साध्या आठवड्यात सोमवारची एक रजा घेतली तर स्वस्तात पूर्ण दिवस मिळतो. सिंगापूरच्या बाजूनेही दोन वेळा टाळाव्यात. मरीना बे या खाडीकाठच्या भागातल्या रस्त्यांवर २००८ पासून फॉर्म्युला वनची रात्रीची शर्यत होते, त्या आठवड्याअखेर हॉटेलांचे दर डोळे पांढरे करतात. आणि चिनी नववर्षाच्या पहिल्या दोन दिवसांत खाण्याची बरीच दुकाने बंद असतात. पावसाचा मात्र हंगाम पाहण्याची गरज नाही. विषुववृत्ताजवळ असल्याने तिथे वर्षभर उकडते आणि कधीही सर येते, म्हणून छत्री बारा महिने सोबत ठेवावी.

हॉटेल मेट्रो स्थानकापासून चालत पाच मिनिटांवर असावे, बाकी फार चिकित्सा करू नये. लिटल इंडिया, बुगीस किंवा चायनाटाउन हे भाग सोयीचे आहेत. खोल्या लहान आणि महाग असतात, आणि दोघांच्या खोलीत तिसऱ्याला लपवून नेण्याची लोणावळ्याची युक्ती तिथे चालत नाही.

पैसे आणि फोन

सिंगापूर डॉलर सत्तर रुपयांच्या आसपास धरून हिशेब करावा. खर्चासाठी फॉरेक्स कार्ड (आधीच परकीय चलन भरून घेतलेले कार्ड), त्याला जोड म्हणून एक क्रेडिट कार्ड आणि माणशी शंभर-दीडशे डॉलर रोख पुरतात. टूर कंपनीकडून परदेशाचे पूर्ण पॅकेज घेतल्यास बिलावर टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच आगाऊ घेतला जाणारा प्राप्तिकर, आकारला जातो. तो विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो, परंतु तोवर रक्कम अडकते.

भारतीय बँका कार्डावरचे परदेशी व्यवहार बंदच ठेवतात, म्हणून निघण्यापूर्वी बँकेच्या अॅपमध्ये जाऊन आंतरराष्ट्रीय आणि स्पर्शविरहित, असे दोन्ही प्रकारचे व्यवहार सुरू करून घ्यावेत. दुकानात कार्ड चालवताना यंत्रावर "रुपयांत की सिंगापूर डॉलरमध्ये?" असा प्रश्न आला, तर नेहमी सिंगापूर डॉलर निवडावे, रुपयांचा आकडा ओळखीचा वाटतो, पण त्यात दुकानदाराच्या बँकेने आपल्या सोयीचा दर लावलेला असतो. मेट्रो आणि बसमध्ये वेगळे तिकीट काढावे लागत नाही, फाटकावर बँकेचे कार्ड टेकवले की काम होते. परदेशी कार्डावर वापराच्या दिवशी ०.६० डॉलर जादा लागतात, आणि एका कार्डावर एकच माणूस जाऊ शकतो, त्यामुळे प्रत्येकाकडे स्वतःचे कार्ड हवे.

फोनसाठी ई-सिम घेतल्यास ते घरच्या वायफायवरच फोनमध्ये बसवून घ्यावे. भारतातले सिम काढून ठेवू नये, कारण बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. प्रवास विमा काही शे रुपयांत मिळतो; तिथल्या रुग्णालयाचे दर पाहता तो न घेणे हा शहाणपणा नव्हे.

बॅगेत काय नसावे

दोन दिवसांसाठी सात किलोची एक केबिन बॅग पुरते, आणि सामानाच्या पट्ट्याजवळ ताटकळण्याचा अर्धा तास वाचतो. पॉवर बँक केबिन बॅगेतच ठेवावी लागते. तिथले विजेचे सॉकेट तीन चौकोनी खाचांचे असल्याने अॅडॉप्टर न्यावा.

काय नेऊ नये याची यादी अधिक महत्त्वाची आहे. च्युइंग गमवर सिंगापुरात १९९२ पासून बंदी आहे. सिगारेटींना करमाफी नाही, म्हणजे खिशातले एक पाकीटही जाहीर करून कर भरावा लागतो. ई-सिगारेट, गुटखा, खैनी आणि जर्दा तर पूर्णपणे निषिद्ध आहेत. चोरकप्प्यात विसरलेली तंबाखूची पुडी म्हणूनच घरीच शोधून काढावी. त्याहून अनपेक्षित वस्तू म्हणजे खसखस. ती अफूच्याच झाडाची असल्याने सिंगापूर आणि दुबई या दोन्ही ठिकाणी तिच्यावर कडक निर्बंध आहेत, आणि आपल्याकडे आई प्रेमाने जे अनारसे डब्यात भरून देते त्यांच्या एका बाजूला तीच थापलेली असते. अनारसे घरी ठेवावेत, बाकरवडी न्यावी. झोपेच्या किंवा कोडीन असलेल्या औषधांना आधी परवानगी लागू शकते, म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवून नियम तपासूनच ती न्यावीत.

ते साडेबावीस तास

शनिवारी सकाळी मेट्रोने शहरात यावे. चांगी विमानतळाहून निघालेली गाडी ताना मेराह स्थानकात बदलावी लागते. हॉटेलची खोली दुपारी दोन-तीनशिवाय मिळत नाही, पण बॅगा ठेवून घेतात. रात्रभराच्या जागरणाने माणसे चिडचिडी झालेली असतात, तेव्हा पहिला अर्धा दिवस हलका ठेवावा आणि चायनाटाउनमध्ये पायी फिरावे. १८२७ मध्ये स्थापन झालेले श्री मारिअम्मन मंदिर, जवळचीच जामे मशीद आणि बुद्धाच्या दाताचे मंदिर हे सारे चालत दहा-पंधरा मिनिटांच्या आत आहे. दुपारी खोली मिळताच दीड तास झोपावे. हा वेळ वाया गेला असे वाटते, पण संध्याकाळ त्याच्याच जिवावर पार पडते.

संध्याकाळ मरीना बेसाठी राखावी, कारण सिंगापूरचे जे चित्र आपल्या डोळ्यांसमोर असते ते इथले आहे. मर्लायनच्या, म्हणजे सिंहाचे तोंड आणि माशाचे धड असलेल्या पुतळ्यापासून पाण्याच्या कडेने चालत गार्डन्स बाय द बेपर्यंत यावे. तिथले 'सुपरट्री' म्हणजे २५ ते ५० मीटर उंचीचे लोखंडी सांगाडे असून त्यांवर खऱ्या वेली चढवलेल्या आहेत, आणि त्यांच्याखाली रोज संध्याकाळी ७:४५ आणि ८:४५ वाजता दिव्यांचा व संगीताचा खेळ विनामूल्य होतो. फरशीवर सरळ आडवे होऊन तो पाहावा, सगळे तसेच पाहतात. काचेच्या दोन घुमटांना तिकीट आहे. एकच घ्यायचे तर धबधब्याचा 'क्लाउड फॉरेस्ट' घ्यावा.

रविवारी सकाळी लवकर उठणाऱ्यांनी बोटॅनिक गार्डन गाठावे. ते १८५९ चे आहे, २०१५ पासून जागतिक वारसा यादीत आहे, पहाटे पाचला उघडते आणि ऑर्किडचा विभाग सोडला तर प्रवेश विनामूल्य आहे. न उठणाऱ्यांना झोपू द्यावे आणि अकराला लिटल इंडियात भेटण्याचे ठरवावे. चौघांनी दोन दिवस सतत एकत्रच असले पाहिजे हा हट्ट सोडला, की मैत्रीवरचा बराच ताण उतरतो. एकाला वस्तुसंग्रहालय पाहायचे असते, दुसऱ्याला बूट घ्यायचे असतात. दुपारी कम्पाँग ग्लाममधली सुलतान मशीद आणि हाजी लेनची रंगीत गल्ली पाहावी. सेंटोसा, युनिव्हर्सल स्टुडिओ आणि नाइट सफारी मी मुद्दाम वगळली आहेत. त्यांतले प्रत्येक ठिकाण अर्धा ते पूर्ण दिवस खाते, आणि या हिशेबात तेवढा दिवस नाही. ज्यांनी सोमवारची रजा काढली आहे त्यांनी एक निवडावे.

जेवायला हॉकर सेंटर, म्हणजे एका छपराखाली मांडलेल्या पन्नास-शंभर टपऱ्या. २०२० मध्ये युनेस्कोने या संस्कृतीची नोंद अमूर्त वारशाच्या यादीत केली, आणि पाच ते आठ डॉलरमध्ये पोट भरते हा तिचा दुसरा गुण. इथे टेबलावर टिश्यू पेपरचे पाकीट ठेवलेले दिसले तर ती जागा धरलेली आहे असे समजावे. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. खाऊन झाल्यावर ताट जागेवर नेऊन ठेवणे बंधनकारक आहे. शाकाहारी मित्राने सांबालपासून सावध राहावे: ते दिसते आपल्या ठेच्यासारखे, पण त्यात बहुधा कोळंबीची आंबवलेली पेस्ट असते. त्याच्यासाठी सेरंगून रोडवरचे १९४७ पासूनचे कोमला विलास आहे, आणि बहुतेक हॉकर सेंटरांत बौद्ध पद्धतीच्या शाकाहाराची एखादी टपरी असते. चहाशिवाय ज्यांचे चालत नाही त्यांनी 'तेह हालिया' मागावा. तो आल्याचा दुधाळ चहा आहे, फक्त साखर कमी घालायला सांगावे. नळाचे पाणी बेलाशक प्यावे आणि बाटल्यांचे पैसे वाचवावेत. मेट्रोत खाण्यापिण्याला दंड आहे, आणि रात्री साडेदहा ते सकाळी सात सार्वजनिक जागी मद्यपान करता येत नाही.

परतीचा प्रवास

रविवारी पाचला निघायचे म्हणजे साडेचारला हॉटेलच्या दारात जमायचे. चांगीला थोडे लवकर पोहोचल्यास विमानतळालगतच्या 'ज्युएल' या संकुलातला ४० मीटरचा धबधबा पाहता येतो. तो इमिग्रेशनच्या अलीकडे आहे, त्यामुळे एकदा आत गेल्यावर पुन्हा बाहेर येऊन पाहू असे म्हणता येत नाही. नाणी भारतात कोणी बदलून देत नाही, ती इथेच कॉफीत संपवावीत. मायदेशी परतताना मद्य माणशी दोन लिटरपर्यंत करमुक्त आणता येते.

गल्ल्याचा हिशेब विमानात बसण्याआधी, गेटपाशी बसूनच मिटवावा. मुंबईत उतरल्यावर कोणालाही आकडे नको असतात, आणि बुधवारी "माझे अकरा डॉलर राहिले" असा निरोप पाठवणे सर्वांनाच अवघड जाते. आठच्या विमानाने निघालेला माणूस भारतीय वेळेनुसार रात्री अकराला मुंबईत उतरतो आणि पहाटे साडेतीन-चारला पुण्यात घरी पोहोचतो. परतीची गाडी निघण्यापूर्वीच सांगून ठेवावी, आणि ती शुक्रवारच्याच चालकाची नसावी असे पाहावे, नाहीतर त्याचीही झोप झालेली नसते. द्रुतगती मार्गावर एक जण पुढे बसून त्याच्याशी बोलत राहील, आणि तो कोण असेल, हेही गेटपाशीच ठरवून घ्यावे.